उतारावर ठीक

पालच्या घाटमाथ्यावर ज्योत्स्ना सायकल धरून उभी होती आणि खाली बघायचं टाळत होती. डिसेंबर संपत आला होता. सकाळचे साडेसात वाजले होते तरी ऊन अजून सागाच्या शेंड्यांवरच रेंगाळत होतं, रस्त्यावर उतरलं नव्हतं. हँडलला अडकवलेल्या तापमापकात आठचा आकडा दिसत होता. खाली रावेरच्या बाजूला केळीच्या बागांवर धुराचा पातळ थर होता. थंडीनं पानं करपू नयेत म्हणून लोकांनी बांधाबांधावर काडीकचरा पेटवला होता.

ती इथे आलीय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नवरा, युवराज, दीपनगरच्या वीज केंद्रावर पहिल्या पाळीला गेला, आणि मग तिनं गाडीच्या मागे सायकल बांधली. सावद्याहून पायथ्यापर्यंत गाडीनं आली आणि घाट सायकलनं चढली. सांगणार तरी काय होती ती? कागदावर तिनं हा घाट दहा दिवसांपूर्वीच उतरून दाखवला होता.

तो कागद हितेंद्रचा होता. हितेंद्र रावेरचा. केळीच्या घडांवर घालायच्या कापडी पिशव्या शिवण्याचं त्याचं शेड होतं. पोरगा पस्तिशीचा, सायकलवेडा. दोन वर्षांपासून त्यानं थंडीत सायकल चालवणाऱ्यांसाठी वस्तू बनवायला घेतल्या होत्या. बुटांवरची आवरणं, मानेभोवतीच्या पट्ट्या, आणि यंदा हँडलच्या दोन्ही टोकांवर बसणाऱ्या जाड पिशव्या. बाहेरून वारा न शिरणारं कापड, आतून मऊ लोकरी अस्तर. हातमोजा घातलेला हात त्यात घालायचा, मूठ, ब्रेक, गियर सगळं आतच. शेडमध्ये शिवणकाम करणाऱ्या कुंदाबाईंनी पहिली जोडी सायकलवर चढवलेली पाहिली आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "आता वं माय! हँडलले टोपडी घातली की रे!" तेव्हापासून सगळेच त्यांना टोपडी म्हणू लागले.

वस्तू विकण्याआधी ती ज्योत्स्नानं तपासायची, असं ठरूनच गेलं होतं. ज्योत्स्ना एकेचाळीस वर्षांची, सावद्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक. नोंदी नेटक्या ठेवायची आणि सायकल बारा वर्षं चालवत होती. पण मागच्या ऑगस्टमध्ये याच घाटात ओल्या रस्त्यावर ती घसरून पडली आणि खांद्याचं हाड मोडलं. हाड दीड महिन्यात सांधलं. भीती मात्र सांधली नाही. उतार दिसला की तिची बोटं आपोआप ब्रेकवर आवळायची. सायकलच्या गटातली पोरं तिला 'ब्रेकताई' म्हणायची, तीही हसून घ्यायची.

टोपड्यांच्या तपासणीच्या कागदावर सहा ओळी होत्या. सपाट रस्ता, खडीचा रस्ता, चढ, पाण्याचा मारा, पहाटेचा गारवा आणि शेवटची ओळ, लांब उतार. पाच ओळी तिनं इमानानं भरल्या. सहाव्या ओळीसाठी ती गाडीनं घाटमाथ्यावर आली, दहा मिनिटं उभी राहिली, आणि सायकल तशीच गाडीला बांधून परत गेली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या तिनं सहाव्या ओळीपुढे लिहिलं, 'ठीक'.

सपाटीवर जी चालली ती उतारावर न चालायला काय झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. आणि ते जवळजवळ पटलंही होतं. पण काल दुपारी भुसावळ स्टेशनवर तिनं आपल्या धाकट्या बहिणीला, भूमिकाला, निरोप दिला. भूमिका आणि आणखी आठ जण, हिमाचलात बर्फातून सायकल चालवायला निघालेले. नऊ सायकली, नऊ जोड्या टोपडी. गाडी सुटताना भूमिका दारातून ओरडली, "ताईनं तपासलंय, आता डोळे मिटून जायचं!" ते वाक्य रात्रभर ज्योत्स्नाच्या कानात घुमत राहिलं.

म्हणून ती आज इथे होती. आता उतरून टाकू, म्हणजे लिहिलेलं खरं होईल.

तिनं हात टोपड्यांत घातले. चढावर घाम फुटला होता, हातमोजे आतून दमट लागत होते. तिनं ब्रेक दाबून पाहिले, सोडले, पुन्हा दाबले. मग पाय उचलला.

पहिलं वळण बरं गेलं. दुसरंही. वारा कानांवर आदळत होता, पण हात उबदार होते, इतके की तिला हितेंद्रचं कौतुक वाटलं. तिसऱ्या वळणाआधी रस्ता सरळ होता, तिथं तिच्या चष्म्यावर वाफ धरली. समोरचं सगळं दुधाळ झालं. चष्मा वर सरकवायला तिनं उजवा हात बाहेर ओढला.

हात अर्धाच बाहेर आला.

मनगटापर्यंत आला आणि थांबला. आत काहीतरी बोटांभोवती गोळा झालं होतं. तिनं झटका दिला, तसं हँडलच वळलं. सायकल रस्त्याच्या मधोमध नाचली. हात परत आत घालून ब्रेक धरावा म्हणून तिनं जोर लावला, तर आत जायलाही वाट नव्हती. बोटं कसल्यातरी मऊ बोळ्यावर आपटत होती, ब्रेकपर्यंत पोचत नव्हती. ना आत, ना बाहेर. उजवा ब्रेक म्हणजे पुढचा, खरा थांबवणारा. तोच गेला होता. तिनं डावा करकचून दाबला, मागचं चाक घासत एका बाजूला सरकलं. दुधाळ काचेतून वळण जवळ येताना दिसत होतं, त्यापलीकडे नुसतं आकाश.

"थांब, थांब, थांब," ती मोठ्यानं म्हणत होती, कोणाला कोण जाणे.

डोंगराच्या बाजूला पावसाळी नाली होती. तिनं अंगाचा सगळा भार तिकडे टाकला. चाक नालीत उतरलं, सायकल उडाली, आणि ती घाणेरीच्या झुडपात जाऊन पडली. पडतापडता हात सुटला.

बराच वेळ ती तशीच पडून होती. गालावर ओरखडे होते, गुडघा सोलला होता, हाड कुठे मोडलं नव्हतं. मग ती उठली, सायकल ओढून काढली आणि टोपड्यात बोटं घालून चाचपलं. आत सगळं जागच्या जागी होतं. अस्तर गुळगुळीत. हात आत घातला, बाहेर काढला. आत, बाहेर. लोण्यातून सुरी निघावी तसा निघत होता.

हे बघून तिला अधिकच भीती वाटली. मग अडकलं ते काय?

ती उरलेला घाट पायी उतरली.

गाडीत बसल्याबसल्या तिनं भूमिकाला फोन लावला. भूमिका दिल्लीच्या बसस्टँडवर होती, मागून हॉर्न आणि आरडाओरडा ऐकू येत होता.

"भूमी, टोपडी वापरू नका. उतारावर हात अडकतो."

"काय? ताई, तूच तर ठीक लिहिलंस ना!"

"लिहिलं होतं. आज पुन्हा गेले. हात अडकला, मी पडले."

"पडलीस? लागलं का गं?" भूमिकाचा आवाज काळजीचा झाला आणि मग सैलावला. "ताई, खरं सांग, तू घाबरली होतीस ना? घाबरलं की मूठ आवळते. तूच म्हणतेस, उतारावर माझी बोटं माझं ऐकत नाहीत."

"तसं नव्हतं गं."

"आम्ही आठवडाभर घालून फिरलोय, एकदाही अडकला नाही. तिकडे उणे दहा असणार आहे ताई. टोपड्यांशिवाय बोटं राहतील का? बघ, बस लागली. बुधवारी सायकली काढणार, त्याआधी बोलू."

फोन ठेवल्यावर ज्योत्स्नाच्या लक्षात आलं की ती आताही एक खोटं बोलली होती. 'पुन्हा गेले.' पुन्हा कसलं? पण खरं सांगायला तोंड उघडलं नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, भूमिकाचं बोलणं तिला थोडं पटत होतं. हात अडकला म्हणून ती घाबरली, की घाबरली म्हणून हात अडकला? टोपडं तर धडधाकट होतं. साक्षीला फक्त ती, आणि तिची साक्ष कोण धरणार? तिनं स्वतःच धरली नसती.

दुपारी ती रावेरला शेडवर गेली. हितेंद्रनं तिच्या गालाकडे पाहिलं आणि हातातलं कापड खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. त्यानं हसण्यावारी नेलं नाही, पण कपाळावरची आठी सांगत होती की पटलेलं नाही.

"ज्योत्स्नाताई, दहा दिवसांपूर्वी अख्खा घाट उतरलात तेव्हा काही झालं नव्हतं?"

"नाही," ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

"मग आपण बघू. थंडीनं कापड आखडतं का, ते बघू. माझ्या मित्राच्या केळीच्या कोठारात गार खोली आहे."

सोमवारी संध्याकाळी त्या गार खोलीत, रचलेल्या केळीच्या खोक्यांमधल्या मोकळ्या जागेत, हितेंद्रनं तिची सायकल स्टँडवर चढवली. खोलीत तेरा अंश होते, त्यानं बर्फाच्या पिशव्या टोपड्यांवर ठेवून आणखी गारवा आणला. ज्योत्स्ना अर्धा तास जागच्या जागी पायडल मारत राहिली. हितेंद्र म्हणे, "काढा." ती हात काढी. "घाला." ती घाली. तीस वेळा. हात एकदाही अडकला नाही.

"ताई," तो हळूच म्हणाला, "राग मानू नका. पण त्या घाटात तुमचं हाड मोडलं होतं. माणसाचं शरीर विसरत नाही."

कोठारातून बाहेर आल्यावर ती गाडीत बसून राहिली, चावी न लावता. बुधवार परवावर आला होता. नऊ जण बर्फाच्या उतारावर. आणि इथे सगळे, ती स्वतः धरून, म्हणत होते की काही झालेलंच नाही.

मग तिला प्रयोगशाळेतली सवय आठवली. मुलांचं उत्तर चुकलं की ती ओरडायची नाही, एवढंच विचारायची, "काल आणि आज यात काय बदललं?" तिनं तेच स्वतःला विचारलं. तीच सायकल, तेच हातमोजे, तीच टोपडी, गारवाही होता. बदललं काय होतं?

चढ.

काल ती आधी तासभर घाट चढली होती. हातमोजे घामानं भिजले होते. आज ती कोरडी आली, सावकाश पायडल मारले, अंगाला घामाचा थेंब नाही. आठवडाभर भूमिका आणि मंडळी फिरली तीही सपाट रस्त्यावर, भल्या पहाटे, कोरड्या हातांनी. आधी चढ, मग उतार. डोंगरात रोज हेच असतं.

तिनं हितेंद्रला फोन केला. "उद्या सकाळी घाटात यायचं. तू मोटारसायकलवर माझ्या मागे, फोनचा कॅमेरा छातीला बांधून. मी चढून मग उतरणार."

"ताई, मी सायकलवर येतो, तुम्ही—"

"नाही. माझ्याच हातात झालं, माझ्याच हातात पुन्हा व्हायला पाहिजे. नाहीतर म्हणशील, तुमचा हात वेगळा, माझा वेगळा." ती थांबली. "आणि दुसरं एक कारण आहे. ते उद्या सांगते."

मंगळवारी ती घाट चढली ती रडवेली होऊन. दम लागला म्हणून नाही. प्रत्येक वळणावर तिला कळत होतं की हेच वळण थोड्या वेळानं उलटं येणार आहे. रविवारी निदान काय होणार ते माहीत नव्हतं. आज ती जाणूनबुजून हात अडकवायला निघाली होती. मागे हितेंद्रच्या मोटारसायकलचा आवाज संथ चालला होता. त्या आवाजाची सोबत होती आणि लाजही, कारण आता मागे फिरता येणार नव्हतं.

माथ्यावर ती सायकलवरून उतरली नाही, पाणी प्यायली नाही. थांबले तर निघणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या वळणानंतर सरळ रस्ता आहे, तिथं वेग कमी ठेवायचा, चष्मा घालायचाच नाही, डावा हात मागच्या ब्रेकवर, आणि उजवा काढायचा. अडकला तर सायकल हळूहळू नालीकडे न्यायची. घरी कागदावर हे सगळं किती सोपं दिसलं होतं! इथे तिचे दात वाजत होते. दुसरं वळण आलं. गेलं. सरळ रस्ता समोर होता.

"काढते!" ती ओरडली.

हात मनगटापर्यंत आला आणि थांबला.

तोच मऊ बोळा. तेच. क्षणभर तिला चक्क आनंद झाला. मी खोटी नाही! आणि पुढच्याच क्षणी खालच्या वळणावरून एसटी बस वर आली.

ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. ज्योत्स्नाचा डावा हात घाबरून आवळला, मागचं चाक कचकन अडलं आणि सायकल आडवी होऊ लागली. नाली डावीकडे होती, सायकल उजवीकडे ओढत होती, बसच्या दिशेनं. उजवा हात पिशवीत गुरफटलेला, हँडल त्या हाताबरोबर वळत होतं. ठरवलेलं सगळं डोक्यातून उडून गेलं. फक्त बसचं पांढरं तोंड आणि तो हॉर्न. मग कुठून कोण जाणे, तिनं डावा ब्रेक सोडला. भीती किंचाळत होती दाब, आणि तिनं सोडला. चाक मोकळं झालं, सायकल सरळ झाली, आणि तिनं खांद्यानं ढकलून ती नालीत घातली. बस हातभर अंतरावरून गेली. वाऱ्याचा झोत तिच्या अंगावरून सरकला.

ती नालीत गुडघ्यांवर होती. हितेंद्र मोटारसायकल तशीच टाकून धावत आला.

"हात काढू नको!" ती ओरडली, तो तिला उचलायला वाकला होता. "आधी बघ! आत बघ!"

त्यानं टोपड्याचं तोंड फाकवलं आणि कॅमेरा जवळ नेला. खिशातून ओला हात काढताना खिसाच बाहेर येतो ना, तसं झालं होतं. दमट हातमोज्याला अस्तर चिकटलं होतं आणि हाताबरोबर उलटं होऊन मनगटाशी गोळा झालं होतं. बाहेर यायला त्या गोळ्याची अडचण, आणि आत जायला उलटलेल्या अस्तराची भिंत. हितेंद्रनं हळूच हात सोडवला तसं अस्तर सुळकन मागे गेलं आणि पुन्हा सगळं गुळगुळीत.

हितेंद्र तिच्याशेजारी नालीच्या कडेला बसला. "ताई, तुम्ही खरं सांगत होता. आणि मी..."

"मी खरं सांगत नव्हते," ज्योत्स्ना म्हणाली. मनगट सुजायला लागलं होतं, ते तिनं छातीशी धरलं होतं. "हितेंद्र, दहा दिवसांपूर्वी मी हा घाट उतरलेच नव्हते. वर आले, भ्याले, आणि गाडीनं खाली गेले. 'ठीक' मी घरी बसून लिहिलं."

सागाची वाळलेली पानं रस्त्यावरून घसटत गेली.

"नऊ जण गेलेत ताई," तो शेवटी म्हणाला. आवाज चढला नव्हता, तोच जास्त लागला. "तुमच्या एका शब्दावर. मला म्हणाला असतात, भीती वाटते, तर मी उतरलो असतो ना. त्यात काय होतं?"

"आता फोन लाव," एवढंच ती म्हणाली.

भूमिकाचा फोन लागत नव्हता. दुसऱ्याचा नाही, तिसऱ्याचाही नाही. नऊही जणांचे फोन बंद नाहीतर क्षेत्राबाहेर. शेवटी हितेंद्रला त्यांच्या सामानाच्या जीपवाल्याचा नंबर सापडला, त्याच्या घरच्यांनी उचलला. बर्फ वाढणार म्हणून मंडळी एक दिवस आधीच निघाली, आज सकाळीच सायकली काढल्या. जीपचा ड्रायव्हर संध्याकाळी एका गावात थांबेल, तिथं कधी फोन लागतो, कधी नाही.

एक दिवस आधी. म्हणजे आत्ता.

चित्रफीत नऊही जणांना आणि घरच्यांनी दिलेल्या ड्रायव्हरच्या नंबरवर पाठवली. निरोप लिहून पाठवला, हिंदीत आणि मराठीत. मग ती दोघं शेडवर आली, कारण दुसरीकडे जायला सुचत नव्हतं.

कुंदाबाईंनी आधी तिचं मनगट पाहिलं. "तुले लागलं का वं माय? ये, बस." तेलाची वाटी आणायला सांगून त्यांनी चित्रफीत पाहिली, टोपडं हातात घेतलं, आपला हात पाण्यात बुडवून आत घातला आणि सरकन ओढला. अस्तर उलटं होऊन बाहेर आलं. एका झटक्यात. त्यांनी ते पाहिलं आणि डोळे मिटले.

"मीनं याले सांगतलं व्हतं," त्या म्हणाल्या, "शेंड्याले चार टाके घालू दे, अस्तर मोकळं नको ठेवू. हा म्हने, सुईच्या छिद्रातून वारा शिरते. मीबी मंग गप बसली." त्यांनी हितेंद्रकडे पाहिलं नाही, ज्योत्स्नाकडेही नाही. "अन् तुमी दोघं अशी तोंडं पाडून कायले बसले? कोनाले काय झालं का?"

"माहीत नाही अक्का," ज्योत्स्ना म्हणाली. "तेच माहीत नाही."

मग तिनं त्यांनाही सगळं सांगितलं. कुंदाबाई तेल चोळता चोळता थांबल्या आणि पुन्हा चोळू लागल्या. बरं-वाईट काही बोलल्या नाहीत. ज्योत्स्नाला वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो दिवस कसा गेला ते तिला नंतर नीट आठवत नसे. घरी येऊन तिनं युवराजला सांगितलं. तो ताटावरून उठला आणि फोन चार्जिंगला लावून तिच्या उशाशी आणून ठेवला. फोनच्या पडद्यावर भूमिकाला पाठवलेल्या निरोपापुढे एकच टिक होती. पाठवला, पण पोचला नाही. ती दर पाच मिनिटांनी पाहायची. एकच. डोळे मिटले की बर्फाचा उतार दिसायचा, भूमिकाचा हात मनगटापर्यंत येऊन थांबलेला दिसायचा. पलीकडे नुसतं आकाश.

बुधवारी सकाळी साडेनऊला, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मांडताना, फोन वाजला. अनोळखी नंबर होता. तिनं उचलला.

"ताई? ताई, ऐकू येतंय का? ड्रायव्हरच्या फोनवरून बोलतेय."

"भूमी!"

"सगळे आहोत. ऐक आधी, सगळे आहोत." भूमिकाला धाप लागली होती, थंडीनं की कशानं, कळत नव्हतं. "काल दुपारी नवीनचा हात अडकला. यावलचा नवीन, तोच. उतारावर सगळ्यात पुढे होता. बर्फाच्या ढिगात गेला म्हणून वाचला. हनुवटी फाटली, टाके पडले. आम्हाला वाटलं त्याचीच चूक. मग रात्री ड्रायव्हरच्या फोनवर तुझं ते आलं." ती थांबली. "आम्ही सगळ्यांची अस्तरं कात्रीनं कापून काढली. हात गारठतात, पण निघतात."

ज्योत्स्नाला रडू फुटलं. परीक्षानळ्यांचा रॅक तिच्या कोपरानं हलला, एक नळी पडून फुटली.

"ताई, रडू नको. मीच तुला वेडी ठरवलं."

"भूमी, ते ठीक मी खोटं लिहिलं होतं. मी तेव्हा उतरलेच नव्हते."

फोनवर नुसता वारा ऐकू येत राहिला. मग भूमिका म्हणाली, "आल्यावर बोलू," आणि फोन कट झाला. लाइन गेली की तिनं ठेवला, हे ज्योत्स्नाला कधीच विचारता आलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात कुंदाबाईंनी नवी टोपडी शिवली. अस्तराच्या शेंड्याला चार टाके घातले आणि छिद्रांवर बाहेरून पट्टी चिकटवली. हितेंद्रनं उरलेल्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करून जुन्या जोड्या परत मागवल्या. घाटातली तपासणी त्यानं स्वतः केली, भिजल्या हातांनी, दोनदा. ज्योत्स्नाला त्यानं बोलावलं नाही. ती मात्र गेली, मनगटाला पट्टा बांधून, आणि पायथ्याशी उभी राहून त्याच्या येण्याची वाट बघत राहिली. वाट बघणं उतरण्यापेक्षा सोपं नव्हतं.

मंडळी परतली तेव्हा ती भुसावळ स्टेशनवर होती. भूमिकानं तिला मिठी मारली, पण पहिल्यासारखी नाही. सगळ्यांसमोर ज्योत्स्नानं ते पुन्हा एकदा सांगितलं, फलाटावर, सायकलींच्या गठ्ठ्यांशेजारी उभं राहून, नवीनच्या हनुवटीवरच्या पट्टीकडे बघत. हमालांची गाडी आवाज करत मधून गेली.

नवीन चोवीस वर्षांचा होता. त्यानं पट्टी चाचपली. "मग आता खरंच उतरलात का ताई, घाट?"

"अर्धाच. दोनदा पडले."

"आणि भीती?"

"अजून आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

नवीननं मान डोलावली. "मलाही त्या दिवसापासून उतारावर वाटते," तो म्हणाला, आणि सायकलीच्या गठ्ठ्याचं एक टोक त्यानं उचललं. दुसरं उचलायला ज्योत्स्ना पुढे झाली, तेव्हा तो म्हणाला, "डाव्या हातानं धरा, उजवं मनगट दुखत असेल."

तिनं डाव्या हातानं धरलं, आणि दोघं टेम्पोकडे चालू लागली.